आंतरकोनांची बेरीज: आठवीच्या मुलाला कोणती रीत आधी दाखवावी?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मूल सातवीपर्यंतची प्राथमिक शाळा संपवून आठवीला हायस्कुलात जातं आणि त्याच वर्षी चौकोनांच्या धड्यात बहुभुजाकृतीच्या आतल्या कोनांच्या बेरजेचं हे सूत्र समोर येतं: (न − २) × १८०. न म्हणजे बाजूंची संख्या, उत्तर अंशांत. सूत्र सांगायला अर्धं मिनिट पुरतं. अडतं ते पुढे. पोरगी विचारते, "दोनच का वजा करायचे? तीन का नाही?" आणि शिकवायला बसलेली आई, थोरला भाऊ किंवा नव्यानेच क्लास सुरू केलेले सर पुस्तकाचं पान पुन्हा उलटतात.

या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या रीती एकापेक्षा जास्त आहेत. सगळ्या खऱ्या आहेत, सगळ्यांचं उत्तर एकच येतं, पण मुलाच्या डोक्यात त्या सारख्या बसत नाहीत. कुठली कधी उपयोगी पडते आणि कुठे दगा देते, हे पाहून निवड करावी. माझा कौल आधीच सांगते: सुरुवात एका कोपऱ्यातून कर्ण काढून करावी, पण मुक्काम बाह्यकोनांवर, म्हणजे कडेने चालताना कोपऱ्यावर जेवढं वळतो त्या कोनांवर, करावा.

एका कोपऱ्यातून कर्ण

ही पुस्तकातली नेहमीची रीत. पंचकोन काढा, एक कोपरा धरा, तिथून समोरच्या कोपऱ्यांपर्यंत कर्ण ओढा. तीन त्रिकोण होतात. त्रिकोणाचे १८० मुलाला आधीच माहीत असतात, म्हणून ३ × १८० = ५४०. षटकोनात चार त्रिकोण, ७२०. अष्टकोनात सहा, १०८०.

हिची मोठी जमेची बाजू म्हणजे आधी फारसं काही लागत नाही. त्रिकोणाची बेरीज आणि पट्टी एवढ्यावर काम भागतं. शिवाय "दोनच का" याचं नेमकं उत्तर हिच्यात आहे, फक्त बरेच जण ते सांगत नाहीत. प्रत्येक त्रिकोणाला धरलेल्या कोपऱ्यासमोरची एक बाजू मिळते. बाजू न आहेत, पण त्यातल्या दोन धरलेल्या कोपऱ्यालाच चिकटलेल्या आहेत. त्या त्याच्या समोर येऊच शकत नाहीत. म्हणून त्रिकोण न − २. हे एवढं वाक्य आकृतीवर बोट ठेवून सांगितलं तर सूत्र पाठ करायची गरज राहत नाही.

चुका मात्र ठरलेल्या आहेत. पहिली, मुलं त्रिकोणांऐवजी कर्ण मोजतात. पंचकोनात कर्ण दोन, म्हणून उत्तर ३६०. एका कोपऱ्यातून निघणारे कर्ण न − ३ आणि त्यांनी पडणारे तुकडे न − २, हा एकाचा फरक आकृती समोर नसली की निसटतो. दुसरी चूक जास्त गमतीची आहे. "कर्ण काढा" म्हटलं की काही मुलं सगळेच कर्ण काढतात. सुसम (सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असलेल्या) पंचकोनात तसं केलं तर मधे चांदणी उमटते आणि अकरा तुकडे पडतात. मूल त्यात हरवून जातं. चौकोनात दोन्ही कर्ण काढणारं मूल चार त्रिकोण मोजून ७२० म्हणतं. त्याला चूक म्हणून खोडू नका, कारण ते नकळत पुढच्या रीतीच्या अर्ध्या वाटेवर पोचलेलं असतं.

आत एक बिंदू

बहुभुजाकृतीच्या आत कुठेही एक बिंदू घ्या आणि तो प्रत्येक कोपऱ्याशी जोडा. आता प्रत्येक बाजूवर एक त्रिकोण उभा राहिला, म्हणजे त्रिकोण बरोबर न. मोजणीत चूक होण्याला वावच नाही. त्या सगळ्यांचे मिळून न × १८०. पण मधल्या बिंदूभोवती जमलेले कोन आकृतीचे नाहीत, ते आपण बिंदू घेतल्यामुळे आले. ते मिळून एक पूर्ण फेरा, ३६०. ते काढून टाका: न × १८० − ३६०. वर चौकोनाचे ७२० आले होते, त्यातून ३६० गेले की उरले ३६०, जे हवं होतं तेच.

इथे "दोन" ची दुसरी कहाणी मिळते. ३६० म्हणजे १८० ची जोडी, म्हणून दोन वजा. वर्गात हुशार मुलांना ही रीत जास्त आवडते असं दिसतं, बहुधा हिच्यात सगळ्या बाजूंना समान वागणूक मिळते म्हणून. कोणताही एक कोपरा लाडका नाही.

या दोन्ही रीती जुन्या आहेत. प्राचीन ग्रीक गणितज्ञ युक्लिडच्या भूमितीच्या ग्रंथातल्या पहिल्या खंडातलं ३२ वं विधान त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन असल्याचं सांगतं. बहुभुजाकृतींबद्दल तिथे काही नाही. पाचव्या शतकातल्या प्रोक्लसने त्यावर भाष्य करताना बाजूंपेक्षा दोन कमी त्रिकोणांची गोष्ट नोंदवली. पुढे रॉबर्ट सिमसनने ग्लासगोहून १७५६ मध्ये काढलेल्या युक्लिडच्या आवृत्तीत या विधानाला जोडलेला उपसिद्धांत असा आहे: आकृतीचे सगळे आंतरकोन आणि चार काटकोन मिळून बाजूंच्या दुप्पट काटकोन होतात. तिथे सूत्रात वजाबाकीच नाही. ज्या मुलांना वजा करायचं विसरायला होतं, त्यांच्यासाठी मी हाच घाट वापरते: "आतले कोन अधिक ३६० बरोबर न गुणिले १८०." समीकरणाच्या एका बाजूला मधला फेरा डोळ्यांसमोर राहतो, म्हणून तो सुटत नाही.

बिंदू आत न घेता एखाद्या बाजूवर घेतला तर त्रिकोण न − १ होतात आणि वजा करायचे ते फक्त १८०. उत्तर तेच. बरोबर आहे, पण पहिल्यांदा शिकवायला निरुपयोगी. दोन रीती आल्यावर तिसरी स्वतः शोधून काढायला सांगा, तेवढ्यापुरती चांगली.

चालत फेरी मारून

आता माझ्या आवडीची. शाळा उघडते तेव्हा खानापूरकडे पाऊस सुरू होण्याच्या बेतात असतो, त्यामुळे मैदानाचा भरवसा नको. व्हरांड्यातल्या शहाबादी फरशीवर खडूने मोठा पंचकोन काढा. मुलाला एका बाजूच्या मध्यावर उभं करा आणि कडेकडेने चालायला सांगा. कोपऱ्यावर पोचलं की थांबायचं, पुढच्या बाजूच्या दिशेला अंग वळवायचं, पुन्हा चालायचं. फेरी पूर्ण होऊन मूल निघालेल्या जागी येतं तेव्हा त्याचं तोंड पहिल्याच दिशेला असतं. म्हणजे सगळी वळणं मिळून एक पूर्ण फेरा झाला, ३६० अंश. बाजू पाच असोत की पन्नास.

कोपऱ्यावर जेवढं वळलो तो बाह्यकोन. आंतरकोन आणि बाह्यकोन शेजारी शेजारी, मिळून १८०. न कोपऱ्यांवर मिळून न × १८०, त्यातले ३६० बाहेरचे, उरलेले आतले. पुन्हा न × १८० − ३६०. आतल्या बिंदूभोवती जे ३६० होते, तेच इथे बाहेर विखुरलेले सापडतात. दोन्ही रीती एका पानावर शेजारी काढून दाखवल्या तर मुलांचे डोळे चमकतात.

बाजूच्या मध्यावरून निघायचं याला कारण आहे. कोपऱ्यावरून निघालं तर परत आल्यावर शेवटचं वळण राहून जातं. मूल म्हणतं, "मी तर चारच वेळा वळलो," आणि बेरीज भरत नाही.

परीक्षेत हिचा हात धरणारी दुसरी रीत नाही, निदान सुसम बहुभुजाकृतींच्या बाबतीत. "प्रत्येक आंतरकोन १६२ अंश, तर बाजू किती?" सूत्राने जाणारा (न − २) × १८० = १६२न मांडतो, कंस सोडवतो, पदं इकडची तिकडे नेतो. बाह्यकोनाने जाणारा म्हणतो: १८० मधून १६२ गेले, १८ उरले, ३६० भागिले १८, वीस. झालं. "प्रत्येक आंतरकोन १३० अंश असलेली सुसम बहुभुजाकृती असू शकते का?" बाह्यकोन ५०, आणि ५० ने ३६० ला पूर्ण भाग जात नाही. नाही. पंधरा बाजूंच्या सुसम आकृतीचा एक आंतरकोन? ३६० भागिले १५ म्हणजे २४, म्हणून १५६. तोंडी.

ज्या शाळेत संगणकावर स्क्रॅच (मुलांची प्रोग्रॅमिंगची भाषा) शिकवतात, तिथे तर हीच रीत कामाची. षटकोन काढायला मूल "१२० अंश वळ" असं लिहितं, कारण षटकोनाचा कोन १२० असतो हे त्याला पाठ असतं. पडद्यावर त्रिकोण येतो. वळायचं असतं ते बाह्यकोनाने, ६० ने. हा धक्का मुलांना आयुष्यभर लक्षात राहतो.

उलट, "पंचकोनाचे चार कोन ११०, ९५, १२०, १३०; पाचवा काढा" अशा गणितात बाह्यकोनाने जाणं म्हणजे उगाच वळसा. प्रत्येक कोन १८० मधून वजा करा, मग बेरीज, मग ३६० मधून वजा, मग पुन्हा १८० मधून. सरळ ५४० मधून ४५५ वजा करा, ८५. इथे पहिली रीत जिंकते.

आणखी एक गोष्ट, एखाद्या चौकस मुलासाठी. चालण्याची रीत इतकी सोपी वाटते की तिच्यात काही गृहीत धरलं आहे हे लक्षात येत नाही. पृथ्वीच्या गोलावर विषुववृत्तावरून निघून सरळ उत्तर ध्रुवाला जा, तिथे काटकोनात वळा, पुन्हा विषुववृत्तावर उतरा, काटकोनात वळून निघालेल्या जागी या, शेवटचं काटकोनी वळण घ्या. वळणं फक्त २७० अंश झाली आणि त्रिकोणाचे तीन कोनही मिळून २७०. म्हणजे ३६० चा फेरा सपाट जमिनीवरच भरतो. आठवीला हे शिकवायची गरज नाही, पण विचारलं तर दडपू नका.

खाच असलेली आकृती: इथे खरी परीक्षा

पुस्तकातल्या आकृत्या बहुतेक फुगीर असतात, सगळे कोपरे बाहेर आलेले. गावातल्या जागा तशा नसतात. मोठ्या आयताचा एक कोपरा भावकीत वाटून गेला की उरलेली जागा सहा कोपऱ्यांची होते: पाच काटकोन आणि खाचेत एक २७० चा प्रविशाल (१८० पेक्षा मोठा) कोन. बेरीज ४५० + २७० = ७२०. सूत्र टिकलं. पण रीती टिकतात का?

कर्णाची रीत इथे कोपरा बघून चालते. खाचेच्या कोपऱ्यातून कर्ण काढले तर तिन्ही आतच राहतात आणि चार त्रिकोण नीट पडतात. टोकाच्या कोपऱ्यातून काढायला गेलात तर एक कर्ण सरळ शेजाऱ्याच्या हद्दीत जातो.

काही मुलं याच जागेचे दोन आयत पाडतात आणि ३६० + ३६० = ७२० म्हणतात. उत्तर बरोबर, आणि शिक्षक शाबासकी देऊन पुढे जातात. जरा थांबा. खाचेतून काढलेली रेघ समोरच्या बाजूच्या मधेच टेकते. तिथे दोन काटकोन नवे तयार झाले जे आकृतीचे नाहीत, १८० जास्त. आणि खाचेपाशी २७० पैकी फक्त ९० मोजले गेले, कारण दुसऱ्या आयताची बाजू तिथून सरळ जाते, १८० कमी. जमा आणि खर्च सारखे झाले म्हणून उत्तर जुळलं. तेच मूल साध्या आयताला मधोमध कापून ३६० + ३६० करेल तेव्हा ७२० येईल आणि ते चूक असेल. तुकडे पाडताना रेघ कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतच जायला हवी, हा नियम याच ठिकाणी पक्का करून घ्यावा.

आता त्याहून अवघड. मधे अंगण सोडून तीन बाजूंनी बांधलेली शाळेची इमारत वरून पाहा. आठ कोपरे, सहा काटकोन आणि अंगणाकडचे दोन २७० चे. बेरीज ५४० + ५४० = १०८०, सूत्राप्रमाणेच. पण असा एकही कोपरा नाही की जिथून सगळे कर्ण आत राहतील. आत बिंदू घेऊन बघा: तो डाव्या ओळीतल्या टोकांना दिसेल अशा जागी ठेवला तर उजव्या ओळीची टोकं भिंतीआड जातात. म्हणजे पहिल्या दोन्ही रीती इथे हरल्या, सूत्र मात्र उभंच आहे. पुस्तकं सहसा याबद्दल गप्प बसतात.

चालण्याची रीत इथे सहज तरते. इमारतीच्या भिंतीकडेने डाव्या वळणाने फेरी मारा. सहा ठिकाणी डावीकडे ९०, अंगणाच्या दोन कोपऱ्यांवर उजवीकडे ९०. उजवी वळणं उणे धरा: ५४० − १८० = ३६०. मुलाचे पाय आणि गणित दोन्ही जुळतात. ऋण संख्यांचा एवढा स्वाभाविक वापर आठवीत दुसरीकडे क्वचित मिळतो.

त्रिकोणांवरच अडून बसायचं असेल तर सगळे एकदम पाडू नका, एकेक कोपरा छाटत चला. ज्या कोपऱ्याच्या दोन शेजाऱ्यांना जोडणारी रेघ पूर्ण आत राहते, तो कोपरा त्रिकोण म्हणून कापून काढा. दर छाटणीला एक बाजू कमी आणि १८० कमी. शेवटी एक त्रिकोण उरतो. आठ कोपऱ्यांच्या इमारतीत पाच वेळा कापलं आणि एक उरला, सहा त्रिकोण. असा कापण्याजोगा कोपरा प्रत्येक वेळी मिळेलच का, ही शंका रास्त आहे. गॅरी माइस्टर्स या गणितज्ञाने १९७५ मध्ये दाखवलं की स्वतःलाच न छेदणाऱ्या, तीनपेक्षा जास्त बाजूंच्या कोणत्याही बहुभुजाकृतीत असे एकमेकांवर न चढणारे किमान दोन कोपरे असतातच. त्यांना त्याने "कान" म्हटलं.

मोजून आणि फाडून

कंपासपेटीतला कोनमापक घेऊन सगळे कोन मोजा आणि बेरीज करा, ही कृती बऱ्याच शाळांत करून घेतात. करून घ्यावी, पण पटवून द्यायला नव्हे. मुलाच्या हाताने कोपऱ्यामागे एखादा अंश इकडे तिकडे होतोच, आणि षटकोनात सहा कोपरे आहेत. ७१६ किंवा ७२३ येतं. मग मूल ७२० येईपर्यंत आकडे वाकवतं. यातून ते गणित नाही, लबाडी शिकतं.

कागदाचे कोपरे फाडून एका ठिकाणी लावणं त्रिकोणाला उत्तम, चौकोनालाही छान: एकात सरळ रेघ, दुसऱ्यात पूर्ण फेरा. पंचकोनाला दीड फेरा होतो, तुकडे एकमेकांवर चढतात आणि जादू संपते.

डिप्लोमाकडे जाणाऱ्यांसाठी एक सावधगिरी

बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचं मुख्यालय आहे, आणि दहावीनंतर सिव्हिलच्या डिप्लोमाला जाणारी मुलं आपल्याकडे पुष्कळ. त्यांना हीच बेरीज पुन्हा भेटते, सर्वेक्षणात. जमिनीभोवती थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) लावत फिरून बंद ट्रॅव्हर्स, म्हणजे सुरुवातीच्या जागी परत येणारी मोजणीची फेरी, पूर्ण केला की पहिली तपासणी असते: आतल्या कोनांची बेरीज (२न − ४) × ९० येते का. हे आठवीचंच सूत्र, काटकोनांत मांडलेलं. मोजमापात थोडी चूक चालते. तिची नेहमीची मर्यादा म्हणजे उपकरणाचं लघुतम माप (त्यावर वाचता येणारं सर्वांत लहान माप) गुणिले कोनांच्या संख्येचं वर्गमूळ. २० सेकंदांच्या यंत्राने नऊ कोन मोजले तर २० × ३, म्हणजे एक मिनिट. आठवीच्या वर्गात कोनमापकाच्या चुकीला लपवावं लागतं, इथे तिला हिशोबात जागा आहे.

सावधगिरी ही की तिथे बाहेरचा कोन वेगळा असतो. शाळेतला बाह्यकोन म्हणजे १८० वजा आंतरकोन. सर्वेक्षणातला बाहेरचा कोन म्हणजे ३६० वजा आंतरकोन, आणि त्यांची बेरीज (२न + ४) × ९०. पंचकोनी जमिनीला १२६०, ३६० नव्हे. शाळेतला बाह्यकोन तिथे विक्षेप कोन म्हणून येतो. फेरी मारण्याची रीत पक्की असलेल्या मुलाला हा गोंधळ होत नाही, कारण त्याला आपण किती वळलो आणि कडेच्या बाहेर किती कोन आहे या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात.

मग निवड कशी करायची

मूल गणितात मध्यम आणि वर्ष हातात आहे, तर पहिल्या दिवशी कर्ण, "समोरच्या बाजू" च्या कारणासकट. दुसऱ्या दिवशी चालत फेरी. आणि त्यानंतरच दोन्हींतून येणारं सूत्र वहीत लिहू द्या. आतला बिंदू तेव्हा आणा जेव्हा मूल स्वतः विचारेल की चालून आलेले ३६० आकृतीत कुठे आहेत.

मूल हुशार असेल तर आतल्या बिंदूपासूनच सुरू करा आणि दोन तासांत शाळेच्या इमारतीची आकृती समोर ठेवा. रीत मोडते पण सूत्र मोडत नाही, हे बघून जे प्रश्न येतील त्यांतच पुढचं शिक्षण आहे.

मराठी माध्यमातून जाणाऱ्या मुलांचा एक वेगळा विचार करावा लागतो. दहावीनंतर सायन्सला पीयूसी (अकरावी-बारावी) इंग्रजीत सुरू होते आणि पाठ केलेली मराठी वाक्यं तिथे कामाला येत नाहीत. हाताने काढलेली आकृती येते. म्हणून अशा मुलांकडून व्याख्या कमी आणि आकृत्या जास्त काढून घ्याव्यात, निदान या धड्यात.

आणि परीक्षा परवा आहे, काहीच झालेलं नाही, अशी वेळ असेल तर रीतींचा घोळ घालू नका. दोनच आकडे द्या: एका त्रिकोणाचे १८०, एका फेरीचे ३६०. कोनांची बेरीज विचारली तर एका कोपऱ्यातून कर्ण काढून त्रिकोण मोज, "सुसम" शब्द दिसला तर ३६० ला भाग. उरलेलं सुट्टीत, व्हरांडा कोरडा झाल्यावर.